जुन्या पेट्रोल पंपाची जागा : जमिनीखालचा हिशेब

इंदुरातल्या जुन्या वस्त्यांत आपल्या कितीतरी सभासदांची घरे एखाद्या जुन्या पेट्रोल पंपापासून हाकेच्या अंतरावर आहेत. काहींच्या वाडवडिलांनी तर स्वतःच्या मालकीची जागा तेल कंपनीला भाडेपट्ट्याने दिलेली असते. असा पंप बंद होतो, छप्पर आणि यंत्रे उचलून नेली जातात, जागेभोवती पत्रे लागतात आणि काही दिवसांत तेथे दुकाने व सदनिका होणार असल्याचा फलक लागतो. मग चर्चा सुरू होते ती चौरस फुटाच्या भावाची. खालच्या टाक्यांचे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही.

आम्ही बँकेत असताना तारणाच्या जागांचे कागद पाहण्यात बरीच वर्षे घालवली. तीस वर्षांचा शोध अहवाल, खसरा, नामांतरण, नजूलची अनापत्ती, मंजूर नकाशा, मूल्यांकन. या सगळ्यांत जमिनीच्या वरचा इतिहास येतो, खालचा येत नाही. म्हणून हा लेख. ज्यांची जागा कंपनीकडून परत मिळणार आहे, ज्यांना अशा जागेवर सदनिका घ्यायची आहे आणि ज्यांच्या घरी जवळपास विहीर किंवा बोरिंग आहे, अशा तिघांनाही तो उपयोगी पडावा.

या जागा एवढ्या जुन्या कशा, हे आधी पाहू. एस्सो, बर्मा शेल आणि कॅलटेक्स या परदेशी कंपन्या सरकारने अनुक्रमे १९७४, १९७६ आणि १९७७ च्या कायद्यांनी ताब्यात घेतल्या. त्यांतून आजच्या हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम उभ्या राहिल्या. या कायद्यांमुळे पंपांच्या जागांचे भाडेपट्टे जुन्याच अटींवर पुढे वाढवून घेण्याची सोय सरकारी कंपन्यांना मिळाली. त्यामुळे मोक्याच्या चौकातली जागा जुन्या काळच्या भाड्यात अडकून पडली, अशी कैफियत अनेक मालकांची होती आणि त्यावरून देशभर कोर्टकज्जे झाले. आमचे म्हणणे इतकेच की, अशा भांडणात भाडे आणि ताबा याच गोष्टींकडे सगळ्यांचे लक्ष असते. ताबा मिळाला की मालक सुटकेचा श्वास टाकतो. पण ज्या जागेवर तीस-चाळीस वर्षे इंधन उतरवले, साठवले आणि विकले गेले, तिच्या पोटात काय आहे हे पाहण्याची वेळ नेमकी तीच असते.

टाकी जमिनीखाली ठेवतात ती आगीच्या भीतीने. आडवी, गोल, पोलादी टाकी. दहा, पंधरा किंवा वीस हजार लिटरची. जुन्या टाक्यांना एकच पत्रा असे. बाहेरून ओल्या मातीमुळे गंज चढतो, आतून तळाशी साचलेल्या थोड्याशा पाण्यामुळे. तरी गळतीचा दोष दर वेळी टाकीचाच नसतो. टाकीपासून यंत्रापर्यंत जाणारे नळ आणि त्यांचे सांधे हे जास्त नाजूक. शिवाय टँकर खाली करताना भरण्याच्या तोंडापाशी दर वेळी थोडे सांडते. हे थोडे-थोडे चाळीस वर्षे सांडत राहते.

पण मग पंपवाल्याच्या हिशेबात ते येत नाही का? येते आणि येतही नाही. रोज सकाळी डिपची दांडी टाकून साठा मोजतात, विक्रीशी ताळा घालतात. पण पेट्रोल उडून जाते, उष्णतेने त्याचे आकारमान बदलते, म्हणून थोडी घट ही नेहमीचीच मानली जाते. गळतीही त्याच घटीत लपते. सेकंदाला एक थेंब गळतो असे धरा. दिवसाला दोन-तीन लिटर होतात, वर्षाला हजार लिटरच्या आसपास. रोज हजारो लिटर विकणाऱ्या पंपाच्या वहीत दोन-तीन लिटरचा फरक कोणाच्या डोळ्यांत खुपणार? रोजच्या रोख शिलकेत सव्वा रुपया कमी आला तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसून शोधत असू, पण ती रोकड होती, हवेत उडून जाणारी नव्हती.

गळलेले इंधन आधी मातीत मुरते. मातीचे कण त्यातले बरेचसे धरून ठेवतात. उरलेले खाली उतरत भूजलापर्यंत पोचते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते पाण्यावर तवंगासारखे पसरते. त्यातले बेंझीन, टोल्युइन, एथिलबेंझीन आणि झायलीन हे चार घटक मात्र पाण्यात विरघळतात आणि पाणी ज्या दिशेने सरकते त्या दिशेने तेही जातात. प्रयोगशाळेत या चौघांना मिळून ‘बीटेक्स’ म्हणतात. यांतले बेंझीन सर्वांत वाईट. त्यामुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्राने पक्के मानलेले आहे.

पिण्याच्या पाण्यात बेंझीन किती चालेल? जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. आजच्या भारत-६ मानकाच्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त १ टक्का असते. म्हणजे एका लिटरमध्ये १० मिलिलिटर, वजनाने सुमारे पावणेनऊ ग्रॅम. कागदावर भागाकार करून पाहा : एका लिटर पेट्रोलमधले बेंझीन पावणेनऊ लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन सोडू शकते. उन्हाळ्यात गल्लीत येणारा टँकर पाच हजार लिटरचा धरला, तर असे पावणेदोनशे टँकर. प्रत्यक्षात सगळे बेंझीन पाण्यात जात नाही. काही उडते, काही जंतू खातात. पण प्रमाण लक्षात यावे म्हणून हे गणित. जुन्या काळच्या पेट्रोलमध्ये तर बेंझीन याहून जास्त असे आणि शिसेही असे. शिशाचे पेट्रोल आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले. त्याआधीच्या पंपाची माती तपासताना शिशाचीही तपासणी करून घ्यावी.

“पाण्याला वास आला तर कळेलच की,” असे आपल्याकडे हमखास म्हटले जाते. बेंझीनचा वास आपल्या नाकाला येईपर्यंत मर्यादा कित्येक पटींनी ओलांडलेली असते. पाणी उकळणे हाही उपाय नव्हे. उकळल्यावर बेंझीन पाण्यातून निघून स्वयंपाकघरातल्या हवेत जाते. आणि आपण बोरिंगचे पाणी तपासायला देतो तेव्हा क्षार, कठीणपणा आणि जंतू एवढेच पाहिले जाते. त्या अहवालात ‘पाणी पिण्यायोग्य’ असे लिहून आले तरी पेट्रोलबद्दल तो काहीच सांगत नसतो. ‘बीटेक्स’ची तपासणी वेगळी मागावी लागते. तिचा नमुनाही वेगळ्या पद्धतीने घेतात. काचेची छोटी बाटली काठोकाठ, आत हवेचा बुडबुडा न ठेवता भरायची, घट्ट बंद करायची आणि थंड ठेवून लवकर पोचवायची. घरच्या प्लास्टिकच्या बाटलीत अर्धे पाणी भरून दुसऱ्या दिवशी नेले, तर जे शोधायचे तेच वाटेत उडून जाईल.

पाण्याखेरीज दुसरा धोका वाफेचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली बसते. तळघरात, गटारात, लिफ्टच्या खड्ड्यात. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी गटारात शिरलेल्या पेट्रोलचा स्फोट होऊन रस्तेच्या रस्ते फुटले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. तेथे गळती पंपाची नव्हती, भूमिगत वाहिनीची होती. आपल्याकडेही २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेट भागात भूमिगत तेलवाहिनीच्या गळतीमुळे घरोघरच्या बोअरवेलमधून तेलमिश्रित पाणी येऊ लागले होते. नव्या इमारतीला दोन मजली तळघर करण्याची हल्ली पद्धत आहे. तेव्हा जुन्या पंपाच्या जागेवर वाहनतळाचे तळघर हीच सर्वांत आधी विचार करण्याची गोष्ट आहे.

आता साफसफाई. पहिले काम टाकी बाहेर काढण्याचे, आणि त्यात सर्वांत जास्त घाई होते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. रिकामीत वाफ आणि हवा दोन्ही असतात. भंगारवाल्याला बोलावून गॅस कटरने टाकी कापायला सांगणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे. टाकी रिकामी करून, वाफ पूर्ण काढून, उपकरणाने मोजून ‘वायुमुक्त’ असल्याचा दाखला घ्यावा लागतो आणि मगच कोणी आत उतरायचे किंवा कापायचे. पेट्रोल साठवण्याचे परवाने देणारी केंद्रीय संस्था म्हणजे पेसो, तिचे मुख्यालय आपल्या नागपूरला आहे. परवाना रद्द किंवा परत केल्याचा तिचा कागद जागामालकाने आपल्या फायलीत ठेवलाच पाहिजे.

टाकीच्या तळाशी जो काळा गाळ निघतो, तो २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. नाल्यात किंवा शहराबाहेरच्या खाणीत टाकून तो संपत नाही. परवानगी असलेल्या केंद्रातच तो जायला हवा आणि आपल्या भागात त्यासाठी पीथमपूर आहे. पीथमपूरचे नाव काढले की इंदूरकरांच्या कपाळावर आठी पडते, हे आम्हाला ठाऊक आहे. जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा तेथे आणला तेव्हाचा विरोध आपण सर्वांनी पाहिला. तो कचरा नंतर तेथेच जाळण्यात आला. पण त्या प्रकरणातून शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे : चार दशके कोणी हात न लावल्यामुळे तो प्रश्न जागच्या जागी कुजत राहिला. पंपाची टाकी त्या मानाने फारच लहान बाब. ती वेळेवर उचलली तर काही आठवड्यांचे काम असते.

टाकी आणि नळ काढल्यावर खड्डा लगेच बुजवू द्यायचा नाही. खड्ड्याच्या चारही बाजूंची, तळाची आणि नळांच्या चरांची माती घेऊन तपासायची. माती तेलकट असली तर ती खणून काढायची. तळापर्यंत चांगली माती लागली तर काम तेथेच संपते. नाही लागली, तर पुढे भूजल पाहावे लागते. त्यासाठी निदान तीन निरीक्षण विहिरी, म्हणजे अरुंद बोअर, त्रिकोणात घेतात. तीन ठिकाणची पाण्याची पातळी मोजली की पाणी कोणत्या बाजूला सरकते ते काढता येते. मग त्या बाजूच्या शेजाऱ्यांची बोरिंगे तपासायची. दोन बोअरने दिशा कळत नाही. खर्च वाचवण्यासाठी कोणी दोनच घेऊ म्हणाला तर मानू नये.

पाण्यावर इंधनाचा थर तरंगत असेल तर तो आधी उपसतात. मातीतली वाफ पंपाने ओढून काढण्याची एक पद्धत आहे. पाण्यात खालून हवा सोडून विरघळलेले घटक वर आणण्याची दुसरी. दूषित पाणी उपसून कोळशाच्या गाळणीतून काढण्याची तिसरी. चौथी आम्हाला विशेष आवडली. मातीत मुळातच असे सूक्ष्मजीव असतात की जे इंधन खातात. त्यांना प्राणवायू, ओल आणि थोडे खत दिले की ते कामाला लागतात. दिल्लीच्या टेरी संस्थेने अशा निवडक जंतूंचे ‘ऑइलझॅपर’ नावाचे मिश्रण तयार केले आणि तेलक्षेत्रांतला तेलकट गाळ निवळण्यासाठी ते वापरले गेले आहे.

कोणती पद्धत चालेल हे जमीन ठरवते, आणि येथे माळव्याचा स्वभाव आडवा येतो. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. काळी माती चिकट. तिच्यातून हवा ओढायला गेले तर येत नाही, म्हणून वाफ काढण्याची पद्धत तिच्यात फारशी चालत नाही, माती खणूनच काढावी लागते. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि त्या भेगांतून गळती सरळ खाली उतरते. खालच्या दगडात पाणी सगळीकडे सारखे नसते, ते सांध्या-फटींतून वाहते. बडोद्याच्या गाळाच्या जमिनीत इंधन कोठवर गेले असेल याचा अंदाज त्या मानाने बांधता येतो. आपल्या दगडात पंपाला लागून असलेली विहीर स्वच्छ आणि दोन घरे सोडून तिसऱ्याची दूषित, असेही होऊ शकते. शेजाऱ्याचा अहवाल चांगला आला म्हणून आपण निश्चिंत होऊ नये.

भूजलापर्यंत गेलेली गोष्ट किती महाग पडते याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला पाणी पुरवणाऱ्या चारनॉक विहिरींत १९९५ साली एमटीबीई सापडले. हे पेट्रोल नीट जळावे म्हणून त्यात मिसळले जाणारे द्रव्य. ते पाण्यात बेंझीनपेक्षाही सहज विरघळते, लांब जाते आणि जंतूंना लवकर पचत नाही. गळती आसपासच्या पंपांच्या टाक्यांची आणि तेलवाहिन्यांची होती. १९९६ मध्ये विहिरी बंद कराव्या लागल्या, शहराचा निम्म्याच्या आसपास पाणीपुरवठा गेला आणि पाणी बाहेरून विकत घ्यावे लागले. तेल कंपन्यांशी दावे झाले, तडजोडीत त्यांनी मोठी रक्कम मोजली, शुद्धीकरण केंद्र बांधले गेले आणि त्या विहिरींचे पाणी पुन्हा नळाला येईपर्यंत जवळजवळ पंधरा वर्षे गेली. कॅलिफोर्नियाने २००४ पासून एमटीबीई बंदच केले.

त्या देशाने १९८८ मध्ये नियम करून जुन्या टाक्या सुधारायला, बदलायला किंवा बंद करायला २२ डिसेंबर १९९८ ही शेवटची तारीख दिली होती. शोध सुरू झाल्यावर आजवर साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली. त्यांतल्या बहुतेक साफही झाल्या, कारण दर गॅलन इंधनामागे एक दशांश सेंट असा बारीकसा कर लावून त्यांनी वेगळा निधी उभा केला. बँकेच्या माणसाला ही योजना फार पटते. आपल्याकडे फक्त इंधन टाक्यांसाठी असा निधी नाही.

एक शब्द इथेनॉलबद्दल. आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाण्याशी सख्य करणारे. टाकीत पाणी शिरले की पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. म्हणून पंपवाल्यांना हल्ली पाण्याची तपासणी जास्त काटेकोर करावी लागते, ही चांगली गोष्ट झाली. पण गळती झालीच, तर जमिनीतले जंतू आधी इथेनॉल खातात, त्यात तेथला प्राणवायू संपतो आणि बेंझीन जास्त दूरवर जाते.

पैसे कोणी द्यायचे? ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या बिछडी प्रकरणात लावले. उदयपूरजवळच्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या होत्या. कारखानदारांनी अर्जांवर अर्ज करून भरणा टाळला, तेव्हा २०११ मध्ये न्यायालयाने ३७.३८५ कोटी रुपये नोव्हेंबर १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरायला सांगितले. वर्षाला एकदाच चक्रवाढ धरली तरी मुद्दल साडेचार पटींच्या पुढे जाते. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे वेगळे नियमही काढले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायच्या, मंडळाने मुदतीत तपासणी करायची आणि जबाबदार कोण ते ठरवून खर्च त्याच्याकडून घ्यायचा, अशी त्याची रचना आहे. बंद पडलेला प्रत्येक पंप त्या यादीत जाईल असे नाही, पण अर्ज कोठे करायचा हे तरी ठरले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे आपल्यासाठीचे पीठ भोपाळला आहे. भरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो, ही मुदत विसरू नये.

ज्यांची जागा परत मिळणार आहे त्यांनी ताबापावतीवर सही करण्याआधी चार कागद मागावेत : टाक्या किती होत्या व कोठे होत्या याचा नकाशा, वायुमुक्तीचा दाखला, परवाना रद्द झाल्याचे पत्र, आणि खड्ड्यातल्या मातीचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल. जुन्या पट्ट्यात ‘जागा पूर्ववत करून द्यावी’ असे कलम आहे का, ते वकिलाला दाखवून घ्यावे. असल्यास ते सोन्याचे कलम समजावे. टाक्या तेथेच ठेवून वाळू भरून टाकतो, असे कंपनीने सुचवले तर नकाशात त्यांची जागा नोंदवून घेतल्याशिवाय हो म्हणू नये.

जागा विकत घेणाऱ्याने किमतीचा काही भाग अहवाल येईपर्यंत त्रयस्थाकडे अनामत ठेवण्याची अट करारात घालावी. विकणारा प्रामाणिक असेल तर त्याला त्यात अडचण वाटणार नाही. सदनिका घेणाऱ्याने बिल्डरला मातीचा अहवाल लेखी मागावा. ‘सॉइल रिपोर्ट आहे’ असे उत्तर येईल, पण तो बहुधा पायाच्या मजबुतीचा असतो, त्यात बेंझीनचा उल्लेखही नसतो. रेरा कायद्यातली पाच वर्षांची हमी बांधकाम, कारागिरी, दर्जा आणि सेवांतल्या दोषांची आहे. जमिनीखालच्या प्रदूषणाचे नाव तीत नाही.

आणि ज्यांच्याकडे फक्त शेजारची विहीर किंवा बोरिंग आहे, त्यांनी एक तपासणी पावसाळ्याआधी आणि एक नंतर करून घ्यावी. पाण्याची पातळी वर-खाली होते तशी मातीत अडकलेली घाण पाण्यात उतरते, त्यामुळे एकाच ऋतूतला आकडा पुरत नाही. दोन्ही अहवाल तारखेसह जपून ठेवावेत. शेजारचा पंप अजून चालू असला तरी हे करावे. पुढे वाद झाला तर आधीचे पाणी कसे होते हे सांगणारा तोच एक कागद आपल्या हाती असेल.